हँडल थांबलं की देव प्रकटतो : नाशिकच्या चित्रपट-कारखान्याची वाटचाल

एक कुंडी, तिच्यात वाटाण्याचा दाणा आणि समोर लंडनहून आणलेला लाकडी पेटीचा कॅमेरा. हँडल गरागरा फिरवायचं नाही. ठरावीक वेळानं जरासं फिरवायचं, थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जरासं. महिन्याहून अधिक काळ हा उद्योग चालला. मधेच कुणी कुंडी हलवली असती तर सगळं मुसळ केरात. पण ती जागची हलली नाही, आणि पडद्यावर दाणा फुटला, कोंब वर आला, वेल पाहता पाहता आधाराला जाऊन बिलगला. हा ‘अंकुराची वाढ’ नावाचा चिमुकला चित्रपट धुंडिराज गोविंद फाळके यांनी सावकारांना दाखवला. छायाचित्रणाचं सामान विकणारे यशवंतराव नाडकर्णी त्यावर कर्ज द्यायला तयार झाले. देवादिकांचा पहिला भारतीय सिनेमा निघाला तो असा, वाटाण्याच्या तारणावर.

फाळके फिल्म्स कंपनी १ एप्रिल १९१२ ची. पुढे तिचीच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली. वीस वर्षांच्या या वाटचालीत मालक बदलले, भागीदार आले-गेले, खुद्द फाळके दोनदा रुसून गेले आणि परत आले. वाटाण्याच्या कुंडीत जे होतं ते मात्र शेवटपर्यंत टिकलं : डोळ्याला कधी न दिसणारं ते दाखवायचं, आणि दाखवताना घाई करायची नाही.

फाळके त्र्यंबकेश्वरचे. जन्म ३० एप्रिल १८७० चा. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचं कलाभवन इथं शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथं प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, बंगालच्या फाळणीनंतर ती सोडली. रविवर्म्याच्या छापखान्याशी संबंध आला, स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाई शिकायला जर्मनीला जाऊन आले, भागीदारांशी बिनसलं, बाहेर पडले. यादी वाचताना वाटावं की माणूस एका जागी टिकत नव्हता. तसं ते होतंही. पण नीट पाहिलं तर यातली एकही गोष्ट वाया गेलेली नाही. चित्राची चौकट रविवर्म्याकडून आली, रसायनांची जाण छापखान्यातून आणि फोटोच्या अंधाऱ्या खोलीतून. आणखी एक विद्या होती, तिच्याकडे चरित्रकार थोडं हसूनच पाहतात : जादूचे प्रयोग. आडनावाची अक्षरं उलटी करून फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादू करून दाखवत. माझ्या मते कंपनीचं खरं भांडवल हेच होतं. जादूगाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : लोकांचं लक्ष नेमकं कुठे असेल, आणि त्या क्षणी आपला हात कुठे असायला हवा.

गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना मनात कृष्ण आणि गोकुळ दिसू लागलं, ही कथा शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचलेली आहे. त्यानंतरचा लंडनचा प्रवास कमी सांगितला जातो. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते गेले, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत शिरून संपादक कॅबर्न यांना भेटले, आणि त्यांच्या ओळखीनं सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पोहोचले. हेपवर्थ काही साधा माणूस नव्हता. १९०० साली मोटारगाडीच्या चिंधड्या उडवून तिच्यातली माणसं तुकड्यातुकड्यांनी आभाळातून पाडणारा ट्रिकपट त्यानं काढला होता. त्याच्याच कंपनीनं १९०५ मध्ये पळवलेलं बाळ शोधून काढणाऱ्या कुत्र्याची गोष्ट अशी दाखवली की एका जागेवरून दुसऱ्या जागी कथा कशी न्यायची हे पुढच्यांनी त्यावरून गिरवावं. म्हणजे ट्रिक आणि गोष्ट या दोन्ही विद्या एकाच अंगणात होत्या. फाळक्यांनी विकत घेतलेला कॅमेरा विल्यमसन कंपनीचा. ही कंपनी काढणाऱ्या जेम्स विल्यमसननं १९०१ साली एक गंमत केली होती : एक माणूस कॅमेऱ्याकडे येत येत एवढा जवळ येतो की त्याचं तोंड पडदाभर होतं, आणि तो कॅमेरा, कॅमेरावाला सगळं गिळून टाकतो. आपल्या पहिल्या चित्रपटाचा कॅमेरा त्या गिळणाऱ्याच्या दुकानातून आला, हे मला उगाचच आवडतं.

दादरच्या मथुरा भवनात संसार आणि कारखाना एकत्रच थाटला गेला. कच्ची फिल्म येई ती भोकं न पाडलेली. ती भोकं अंधारात, हातानं चालणाऱ्या यंत्रावर पाडायची. सरस्वतीबाई फाळके हे काम शिकल्या. फिल्म धुणं शिकल्या, भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायला उभ्या राहिल्या, आणि एवढं झाल्यावर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. गरज पडली तेव्हा दागिनेही गेले. चित्रपटाच्या इतिहासात आज ज्याला तंत्रज्ञ म्हणतात त्या पदाला भारतात पहिलं नाव कुणाचं लावायचं यावर वाद घालण्याचं मला कारण दिसत नाही.

पहिला चित्रपट ठरला ‘राजा हरिश्चंद्र’, पण हरिश्चंद्राच्या राणीच्या, तारामतीच्या कामाला बाई मिळेना. ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा पोरसवदा माणूस सापडला. त्याला तिथं दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. पुरुष नटांना मिशी काढायला सांगावी तर बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची, हा पेच. सिनेमात काम करतो म्हणायची लाज वाटे, म्हणून बाहेर कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे असं सांगायचं, अशी सोय निघाली. शब्द सोयीसाठी आला खरा, पण तो अगदी नेमका आहे. तो कारखानाच होता.

‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. चार रिळं, ३७०० फूट. त्यातला विश्वामित्राच्या यज्ञाचा प्रसंग पाहा. शिकारीला निघालेला राजा आक्रोश ऐकून येतो, तर ऋषीनं तीन महाशक्तींना ज्वाळांत बांधून ठेवलेलं आहे. राजा त्यांना सोडवतो आणि तिथून त्याच्या मागे साडेसाती लागते. म्हणजे कथेला वळण देणारी घटना आणि ट्रिक सीन एकाच जागी आहेत. चमत्कार काढून घेतला तर गोष्ट पुढे सरकतच नाही. पुढच्या काळात कितीतरी पौराणिक चित्रपटांत चमत्कार लाडवातल्या बेदाण्यासारखे वरून खोचलेले दिसतात; पहिल्याच चित्रपटात ते पिठात मळलेले होते.

हे जमायचं कसं? यंत्र साधं होतं. हँडलच्या एका फेऱ्याला फिल्मवर आठ चित्रं उमटतात, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. आता देव प्रकट करायचा आहे. नट हात जोडून उभा आहे. हँडल थांबवा. नटानं श्वास रोखून जसाच्या तसा पुतळा व्हायचं. देवाचं सोंग घेतलेला दुसरा नट चौकटीत येऊन उभा राहतो. हँडल पुन्हा सुरू. फिल्मला मधला वेळ कळतच नाही. तिच्या हिशेबी रिकाम्या जागेत अचानक देव उभा राहिला. अदृश्य करायचं असेल तर उलट. एकाच चित्रात दोन गोष्टी एकमेकांवर हव्या असतील तर काळ्या पडद्यासमोर एक गोष्ट टिपायची, हँडलचे फेरे मोजत फिल्म अंधारात तेवढीच मागे न्यायची, आणि त्याच फिल्मवर दुसरी गोष्ट टिपायची. काळ्या भागावर पहिल्या वेळी काही उमटलेलंच नसतं, तिथं दुसरं चित्र येऊन बसतं. फेऱ्यांचा हिशेब चुकला तर देवाचा हात भक्ताच्या डोक्याऐवजी भिंतीत. दुरुस्ती नाही, पुन्हा पहिल्यापासून. आणि चुकलं की नाही हे फिल्म धुतल्यावरच कळणार.

सुरतेला हा चित्रपट लागला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ल्यात तीन रुपये जमले. लोकांना तमाशा-नाटकांचे सहा सहा तासांचे खेळ पाहायची सवय. तासाभराच्या मुक्या चित्रांना कोण पैसे मोजणार? मग जाहिरात अशी झाली की सत्तावन्न हजार फोटो आणि दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. गर्दी लोटली. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एका फुटात सोळा चित्रं धरली तर ३७०० फुटांत ५९,२०० चित्रं होतात, म्हणजे फोटोंचा आकडा प्रामाणिक आहे, उलट जरा कमीच. लांबी मात्र पाऊण मैलही भरत नाही. दोन मैल हा प्रोफेसर केळफांचा हात.

१९१३ च्या ऑक्टोबरात बाडबिस्तरा नाशिकला हलला. मुंबईत न मिळणाऱ्या गोष्टी तिथं उंबरठ्याशी होत्या : गोदावरीचे घाट, देवळं, वाडे, डोंगर, झाडी. पंचवटीत राहून रामायणाचं नेपथ्य वेगळं उभारायचं कशाला! ‘मोहिनी भस्मासुर’ १९१४ च्या जानेवारीत आला तो ‘पिठाचे पंजे’ या छोट्या विनोदी चित्रपटाला बरोबर घेऊन. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये प्रथमच स्त्रिया पडद्यावर आल्या : पार्वतीच्या कामात दुर्गाबाई कामत आणि मोहिनीच्या कामात त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले. त्यानंतर ‘सावित्री सत्यवान’. तिन्ही चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले, कौतुक झालं, हेपवर्थनं तिथंच राहून चित्रपट काढायचं आमंत्रण दिलं. ते नाकारून परतले आणि महायुद्ध सुरू झालं. कच्ची फिल्म महागली, सावकारांनी हात आखडले. ही तीनेक वर्षं कंपनीच्या पडतीची. छोटे छोटे चित्रपट निघाले, त्यांत प्रोफेसर केळफांची जादू टिपलेली होती आणि ‘चित्रपट कसे तयार करतात’ हेही होतं. या दुसऱ्या पटाकडे थांबून पाहावं असं मला वाटतं. आपला धंदा ज्या गुपितावर चालतो ते पडद्यावर उघडं करून दाखवणारा मालक विरळाच. फाळके त्यात स्वतः दिग्दर्शन करताना, फिल्म तपासताना दिसतात. त्याच सुमाराला ‘नवयुग’ मासिकात त्यांनी चित्रपटावर लेखमाला लिहिली. झाकून ठेवायची विद्या नव्हती ती, शिकवायची होती.

मग १९१७ चं ‘लंकादहन’. साळुंके यात रामही झाले आणि सीताही. दोन्ही भूमिका एकाच नटाला देणं हे अडचणीतून आलं असेल, पण कथा मदतीला आहे : या आख्यानात दोघांची ताटातूटच झालेली. एका चित्रात राम विलाप करतो, दुसऱ्यात सीता अशोकवनात बसलेली आहे, आणि दोघांना जोडणारा दुवा म्हणजे मधून उडत जाणारा मारुती. तो आभाळात लहान लहान होत जाई, हे दृश्य पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिलं. शेपटीची आग, पेटलेली लंका. सीतेचे दंड जरा पिळदार दिसतात, अशी चेष्टा आज करता येते. तेव्हा रामाचं दर्शन पडद्यावर होताच लोक उभे राहून हात जोडत. मद्रासकडची कमाई नाण्यांच्या पोत्यांतून बैलगाडीनं पोलीस पहाऱ्यात न्यावी लागली, ही हकिगत प्रसिद्धच आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मूकपटांच्या त्या पहिल्या पिढीपुढे जगभर एकच अडचण होती : आवाज नाही, तर गोष्ट कळणार कशी? विलायतेत त्यावर उपाय निघाला तो चित्रांच्या जोडणीतून, जवळून-दुरून घेतलेल्या दृश्यांतून. नाशिकच्या कारखान्याला ती घाई नव्हती. कथा प्रेक्षकाच्या घरात आधीच होती, आजीनं सांगितलेली, कीर्तनात ऐकलेली. बुवांनी रावणाचं नाव घेतलं की श्रोत्याला दहा तोंडं दिसतातच. म्हणून फाळक्यांच्या पाट्यांवर चार शब्द असले तरी पुरे, आणि कॅमेरा नाटकाच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखा समोरून पाहत राहिला तरी चाले. आजच्या माणसाला हे संथ वाटतं. त्याचं चुकत नाही. पण पुढे काय होणार ही उत्सुकता त्या प्रेक्षकाला नव्हतीच. ठाऊक असलेलं दिसणार कसं, याची होती. गोष्ट सांगण्याचं ओझं उतरल्यामुळे सगळी बुद्धी ‘कसं’ यावर खर्च करता आली. हीच सवय पुढे कंपनीच्या अंगाशीही आली, ते येईलच.

‘लंकादहन’च्या यशानंतर लोकमान्य टिळक, रतन टाटा, शेठ मनमोहनदास रामजी यांच्यासारख्यांनी मोठी मर्यादित कंपनी काढायचा विचार मांडला, अटींवर तो फिसकटला. अखेर १ जानेवारी १९१८ पासून भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. वामन श्रीधर आपटे व्यवस्था पाहणारे, मायाशंकर भट्ट आणि इतर पैसा घालणारे, आणि फाळके काम करणारे भागीदार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅजेस्टिकला लागलेला ‘श्रीकृष्णजन्म’ हे कारखान्याच्या कसबाचं शिखर म्हणावं. यमुनेच्या पाण्यातून कालियावर उभा कृष्ण वर येतो. आणि कंसाचा तो भ्रम : जिकडे पाहावं तिकडे कृष्ण, एकाचे अनेक, चहूबाजूंनी वेढणारे, मग कंसाचं मुंडकं धडापासून सुटून वर जातं आणि परत खाली येऊन बसतं. इथे ट्रिक सीननं एक नवी पायरी चढली. आधीचे चमत्कार देवांचे होते, सर्वांना दिसणारे. हा फक्त कंसाला दिसतो. भेदरलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललं आहे ते बाहेर काढून दाखवायला फाळक्यांनी त्याचं डोकंच बाहेर काढलं. पाटीवर एक अक्षर लिहायची गरज उरली नाही.

१९१९ ला ‘कालियामर्दन’ आला. कृष्ण झाली ती फाळक्यांची लेक मंदाकिनी, तेव्हा सहा-सात वर्षांची. तिच्याकडे मी शेवटी येतो.

पैसे घालणाऱ्यांना हिशेब हवा होता, आणि ते चूकही नव्हते. चित्रपट लवकर निघावा, खर्चाला मर्यादा असावी. ज्यानं वाटाण्यासाठी महिनाभर हँडल धरलं त्याला ही भाषा झेपली नाही. फाळके कंपनी सोडून काशीला जाऊन राहिले आणि ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. ‘संदेश’ पत्राचे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांच्यासारख्यांनी त्यांना परत या म्हणून सार्वजनिक टाहो फोडला. १९२२ च्या सुमारास ते नाशिकला परतले, चित्रपट करत राहिले. मधे पुन्हा एकदा वेगळी चूल मांडून पाहिली, पुन्हा मागे आले. कारखाना त्यांच्यावाचूनही बंद पडला नव्हता. त्यांनीच तयार केलेली माणसं दिग्दर्शन, छायाचित्रण करू लागली होती. एके काळची तारामती, म्हणजे साळुंके, कॅमेऱ्यामागे गेले होते.

पण बाहेर हवा पालटली होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला, १९२३ मध्ये ‘सिंहगड’साठी विजेचे दिवे वापरले, आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आणला. त्या शेतकऱ्याची गोष्ट कुणी कीर्तनात ऐकलेली नव्हती. ती पडद्यानंच सांगायची होती, चेहऱ्यातून, झोपडीतून, वाटेवरून. तिथं देव प्रकटून सुटका करणार नव्हता. नाशिकच्या कारखान्याला ही गोष्ट सांगता आली असती का? मला वाटतं, नाही. त्याचं सगळं कसब ठाऊक असलेल्या कथेवर उभं होतं, आणि लोकांना आता ठाऊक नसलेली कथा ऐकायची चटक लागली होती.

शेवटचा मोठा घाट ‘सेतुबंधन’चा. पैसा पुरेना, काम लांबत गेलं. तोवर १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकलाच ‘आलम आरा’ बोलू लागला. मुका म्हणून मांडलेल्या चित्रपटाला मागाहून आवाज चिकटवण्याची धडपड झाली, पण ज्या कारखान्यात सगळा हिशेब हँडलच्या फेऱ्यांवर होता तिथं आवाजाचं गणित बसणारं नव्हतं. हिंदुस्थान कंपनीचा कारभार आटोपला. फाळक्यांनी पुढे कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ साली ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

फिल्मचा तो जुना नायट्रेट पदार्थ भलताच ज्वालाग्राही, आणि जपला नाही तर आपणहून नासणारा. कारखान्यातून निघालेल्या चित्रपटांपैकी बहुतेक गेले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांच्या खटपटीतून जे जमलं त्यात ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळं आहेत, ‘लंकादहन’ आणि ‘श्रीकृष्णजन्म’चे तुकडे आहेत, आणि त्यातल्या त्यात धडधाकट असा ‘कालियामर्दन’.

त्याची सुरुवात कृष्णापासून होत नाही. पडद्यावर येते ती साधी मंदाकिनी, फाळक्यांच्या घरातली पोर. ती कॅमेऱ्याकडे पाहून एकेक भाव करून दाखवते, आणि पाटी प्रेक्षकांना सांगते की हिचं काम तुम्हीच पारखा. नाटकातल्या सूत्रधारानं नटीला पुढे आणावं तशी ही ओळख. मुलगी हसते, रागावते, रडवेली होते. मग तिच्याच जागी हळूहळू दुसरं चित्र उमटत येतं. तोच चेहरा, पण आता डोक्यावर मुकुट आहे.